‘ड्रॅक्युला’ वाचून गटातला प्रत्येकजण वेगळंच बोलतोय, चर्चा कशी घ्यावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोथरूडमधल्या तुमच्या सोसायटीच्या वाचनगटात तुम्ही ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही रक्तपिपासू काउंटची, म्हणजे सरदाराची, इंग्रजी कादंबरी सुचवलीत. दोघांनी ती शंभरेक पानांवर सोडून दिली. एका काकांनी विचारलं, "यात घाबरण्यासारखं आहे काय?" कॉलेजात जाणारी एक मुलगी कादंबरीतल्या लूसी या आजारी तरुणीला रक्त देण्याच्या भागात हसत सुटली. आणि एका ताईंनी सांगितलं की रात्री पुस्तक उघडायची हिंमतच होत नाही. पुस्तक तुम्ही सुचवलेलं, त्यामुळे तुम्हाला ओशाळल्यासारखं झालंय. कादंबरी आता जुनी झाली की आपल्यालाच ती वाचता येत नाही, पुढच्या रविवारी बोलायचं तरी काय, आणि यानंतर भयकथेच्या वाटेला जावं की नाही, हे तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात बरीच वर्षं इंग्रजी साहित्य शिकवलं, आता वाचनगट घेते. ‘ड्रॅक्युला’ कॉलेजच्या मुलांबरोबर वाचली आहे, निवृत्त मंडळींबरोबर वाचली आहे, आणि सगळ्या वयाची माणसं एकत्र असलेल्या गटांतही. तुम्ही सांगताय त्या चारही प्रतिक्रिया मला जवळजवळ प्रत्येक वेळी ऐकायला मिळाल्या. त्यामुळे आधी एवढंच सांगते की तुमच्या गटाचं काही बिघडलेलं नाही. अडचण प्रश्नात आहे. "भीती वाटली का?" असं विचारलं की लोक हो किंवा नाही म्हणतात आणि तिथे बोलणं संपतं. खरं तर प्रत्येकाने वेगळ्याच पानाला प्रतिसाद दिलाय. कोणतं पान, ते त्यांना कोणी विचारलेलं नाही.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्या आधी बघून घ्या. कोणी कोणती प्रत वाचली? मूळ इंग्रजी, पूर्ण अनुवाद, की संक्षिप्त आवृत्ती? या कादंबरीत संक्षेपामुळे फार मोठं नुकसान होतं, कारण कापताना सर्वांत आधी पत्रं, तारा आणि बातम्यांची कात्रणं जातात, आणि भीती नेमकी तिथेच ठेवलेली आहे. दुसरं, सिनेमे किती पाहिलेत? तिसरं, अलीकडे घरात आजारपण किंवा मृत्यू झालाय का? या तिसऱ्या मुद्द्याकडे मी शेवटी येते, कारण तुमच्या त्या ताईंबद्दल मला काही सांगायचंय.

काकांपासून सुरू करू. त्यांना भीती वाटली नाही, कारण त्यांना गोष्ट आधीच माहीत होती. शनिवारवाड्यातली ‘काका, मला वाचवा’ ही हाक पुण्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. नारायणराव पेशव्यांचा खून 1773 मध्ये झाला, यापलीकडे त्याने काही वाचलेलं नसतं, पण हाक माहीत असते. ड्रॅक्युलाचं तसंच झालंय. काळा झगा, सुळे, लसूण, क्रूस हे सगळं न वाचताच आपल्या डोक्यात जाऊन बसलंय, आणि सिनेमांतून त्याबरोबर आलेलं बरंच काही कादंबरीतलं नाहीच. उन्हाने रक्तपिपासू मरतो ही कल्पना 1922 च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटातून आली. त्या चित्रपटाने परवानगी न घेता कादंबरीवरून कथा उचलली म्हणून स्टोकरच्या पत्नीने कोर्टात लढा दिला होता. कादंबरीतला काउंट दिवसाढवळ्या लंडनच्या पिकॅडिलीत उभा असतो, आणि त्याच्या किल्ल्यात राहून आलेला जोनाथन हार्कर त्याला तिथे ओळखतो. उंची पोशाखातला देखणा काउंट 1931 च्या हॉलिवुडपटातला. पुस्तकात दार उघडतो तो लांब पांढऱ्या मिशांचा म्हातारा. त्याच्या भुवया दाट आहेत आणि तळहाताच्या मध्यावर केस आहेत.

म्हणून माझ्या गटात मी पहिल्या बैठकीत एकच काम देते. सिनेमातलं जे जे आठवतंय ते कागदावर लिहायचं, आणि वाचताना पुस्तकात सापडेल तसं एकेक खुणवायचं. निम्मी यादी कोरी राहते, आणि आपण वेगळंच पुस्तक हातात धरलंय हे माणसाला स्वतःलाच कळतं. काकांना रविवारी हे करायला सांगा. ते खूश होतील, असा माझा अनुभव आहे. अशा वाचकांना शोधायला काहीतरी लागतं.

आता पुस्तकात भीती असते कुठे, ते एका जागी थांबून दाखवते.

पहिली चार प्रकरणं हार्करच्या डायरीची आहेत. हा तरुण वकील, लंडनमधल्या जागेचे कागद घेऊन पूर्व युरोपातल्या ट्रान्सिल्व्हेनियात काउंटकडे आलाय. किल्ल्यात त्याची उत्तम बडदास्त आहे. जेवण गरम, ताटं सोन्याची, पडदे भारी, आणि नोकर एकही दिसत नाही. मग 8 मेच्या नोंदीत तो लिहितो की काउंट हार्करच्याच खोलीत त्याचं अंथरूण घालताना त्याला दिसला. नंतर दाराच्या बिजागरीजवळच्या फटीतून पाहिलं, तर काउंटच जेवणाचं टेबल मांडत होता. एवढंच. रक्त नाही, किंकाळी नाही. पण हार्कर पुढचा विचार करतो: घरात दुसरं कोणीच नसेल, तर त्या रात्री मला घाटातून आणणारा, हाताच्या एका इशाऱ्याने लांडग्यांना गप्प करणारा गाडीवानही हाच असला पाहिजे. सरंजामदाराने पाहुण्याची गादी घालावी, यात आपल्याकडच्या वाचकाला काहीतरी फार चुकल्यासारखं वाटतं. वाड्यातल्या माणसांचे हात कुठल्या कामाला लागतात आणि कुठल्या नाही, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. माझ्या गटातल्या सत्तरीच्या एक बाई या वाक्याशी थांबून म्हणाल्या, "म्हणजे त्या एवढ्या घरात हे दोघंच." गटात त्या दिवशी पहिल्यांदा सगळे गप्प झाले.

त्याच भागात 19 मेची नोंद आहे. काउंट अगदी गोड शब्दांत हार्करला तीन पत्रं आत्ताच लिहून ठेवायला सांगतो. एकात काम संपत आलंय, दुसऱ्यात उद्या निघतो, तिसऱ्यात किल्ला सोडून सुखरूप पुढे पोहोचलो. तारखा कोणत्या टाकू, असं हार्कर विचारतो. काउंट क्षणभर हिशेब करून सांगतो: 12 जून, 19 जून, 29 जून. आणि हार्कर डायरीत लिहितो की माझं आयुष्य किती उरलंय ते आता मला कळलं. ऑफिसात बसून पुढच्या तारखेचं पत्र तयार करणं ही आपल्या रोजच्या कामातली गोष्ट. स्टोकरने तेवढ्यावर माणसाचा मृत्यू ठरवून दिला. काकांना ही दोन पानं मोठ्याने वाचायला द्या, आणि वाचून झाल्यावर काहीच विचारू नका.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. या कादंबरीत लेखक स्वतः कुठेच बोलत नाही. सगळं डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रातली कात्रणं, जहाजाची रोजनिशी आणि लूसीवर उपचार करणाऱ्या डॉ. सेवर्डने फोनोग्राफच्या नळकांड्यांवर बोलून ठेवलेल्या नोंदी यांतून येतं. आणि पहिली चार प्रकरणं संपल्यावर काउंट जवळजवळ दिसेनासा होतो. सुरुवातीचं एक छोटं पत्र सोडलं, तर त्याच्या हातचं काहीही आपल्याला वाचायला मिळत नाही. त्यामुळे वाचकाला जे माहीत आहे ते पात्रांना माहीत नसतं. हार्करची डायरी आपण वाचलेली असते, लूसीच्या आईने वाचलेली नसते. पुढचं सारं भय या दरीतून येतं.

तुमच्या दोघांनी पुस्तक सोडलं ते शंभराव्या पानाच्या आसपास. माझी खात्री आहे की ते सहावं प्रकरण असणार. तिथे इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावाच्या दफनभूमीत स्वेल्स नावाचा म्हातारा भेटतो आणि यॉर्कशरच्या ठसक्यात पानंच्या पानं बोलतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही तिथे अडतात. त्याआधी किल्ल्यातली घुसमट असते, आणि अचानक मीना आणि लूसी या मैत्रिणींची पत्रं, लूसीला लग्नाच्या तीन मागण्या, समुद्रकिनारा. वाचकाला वाटतं गोष्ट तुटली. मी गटाला सरळ सांगते की स्वेल्सचं बोलणं शब्दशः समजून घेण्याच्या मागे लागू नका. तो सांगतोय ते एवढंच: या थडग्यांवरचे लेख खोटे आहेत, कित्येकांखाली कोणी पुरलेलंच नाही, माणसं समुद्रात गेली. ज्या पुस्तकात पुढे शवपेट्या रिकाम्या निघणार आहेत, त्यात हे सहज केलेलं बोलणं नाही. तेवढं ध्यानात ठेवून पुढे जायचं आणि थेट सातव्या प्रकरणातली ‘डेमेटर’ जहाजाची रोजनिशी गाठायची.

सोडलेल्यांना परत आणण्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. वार्ना बंदरातून निघालेलं जहाज, रोज दोनचार ओळी लिहिणारा कप्तान, आणि खलाशी एकेक करून कमी होत जातात. जहाज व्हिटबीला लागतं तेव्हा सुकाणूला बांधलेलं कप्तानाचं प्रेत हातात क्रूस धरून उभं असतं आणि एक भला मोठा कुत्रा उडी मारून किनाऱ्यावर जातो. स्टोकर 1890 मध्ये व्हिटबीला राहिला होता, आणि तिथे 1885 मध्ये ‘दिमित्री’ नावाचं रशियन जहाज खरोखर किनाऱ्याला लागलं होतं. ‘ड्रॅक्युला’ हे नावही त्याला तिथल्याच वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडलं. ट्रान्सिल्व्हेनियाला मात्र तो आयुष्यात कधी गेला नाही. लंडनच्या लायसियम थिएटरचा कारभार बघणारा माणूस होता तो. सुट्टीत ग्रंथालयात बसून त्याने तो प्रदेश उभा केला.

तारखांवरून एक उपाय आठवला. कादंबरी 3 मे ते 6 नोव्हेंबर अशी चालते. काही वर्षांपूर्वी इंटरनेटवर ज्या त्या तारखेची नोंद त्या त्या दिवशी ईमेलने पाठवणारा ‘ड्रॅक्युला डेली’ हा उपक्रम सुरू झाला, आणि 2022 मध्ये जगभरातल्या तरुण वाचकांनी तो उचलून धरला. ज्यांना चारशे पानं एकदम झेपत नाहीत, त्यांना तारखेवार वाचन मानवतं. जूनचा पहिला पंधरवडा जवळजवळ कोरा जातो. हार्करचं काय झालं असेल, याचा विचार मग आपण चहा करताना करत राहतो. तुमच्या त्या दोघांना पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबायला सांगितलं तरी चालेल.

हसणाऱ्या मुलीकडे वळते, कारण तिच्यावर अन्याय व्हायची शक्यता जास्त आहे. वाचनगटात हसणं म्हणजे पुस्तकाचा अपमान असं ज्येष्ठ मंडळींना वाटतं. लूसी दिवसेंदिवस पांढरीफटक पडत जाते आणि तिला एकामागून एक चार पुरुषांचं रक्त दिलं जातं: तिचा होणारा नवरा आर्थर, डॉ. सेवर्ड, त्याचे गुरू डॉ. व्हॅन हेल्सिंग आणि मित्र क्विन्सी मॉरिस. विज्ञान शिकलेला आजचा कोणीही विचारणारच, गट जुळवले का? रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनरने 1900-01 मध्ये लावला. पुस्तक 1897 चं. स्टोकरच्या वाचकाला ही अत्याधुनिक वैद्यकी वाटत होती, आणि आपल्याला दिसतं की डॉक्टरच तिला धोक्यात घालतायत. हसण्यामागे हे ज्ञान आहे. ते तिने बोलून दाखवायला हवं. आणि तिला तेरावं प्रकरण दाखवा. लूसीचा अंत्यविधी आटोपल्यावर व्हॅन हेल्सिंग गाडीत बसतो आणि आवरता येणार नाही इतका हसत सुटतो. मग सेवर्डला तो समजावतो की हसू दार ठोठावून परवानगी मागत नाही, दुःखाच्या ऐन मध्यात ते राजासारखं येऊन बसतं. शिवाय आर्थरला वाटत असतं की रक्त दिल्यामुळे लूसी आपली पत्नी झाली, आणि बाकीच्या तिघांनीही रक्त दिलंय हे त्याच्यापासून लपवून ठेवलेलं असतं. त्यात जे विचित्र आहे ते स्टोकरला माहीत होतं. तुमची मुलगी अगदी बरोबर जागी हसली आहे.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर काकांना सिनेमा आड आला, सोडणाऱ्यांना सहावं प्रकरण, आणि मुलीला तिचं शिक्षण. या सगळ्यांच्याच प्रतिक्रिया खऱ्या आहेत आणि सगळ्यांकडून बोलण्याजोगं काही निघतं.

मराठी वाचक म्हणून आपला आणखी एक अडथळा आहे, तो मी दरवेळी गटासमोर ठेवते. आपल्या भुतांना काहीतरी हवं असतं. मुंजाची सोडमुंज राहिलेली, हडळ बाळंतपणात गेलेली, समंधाचा जीव पुरलेल्या धनात अडकलेला. अंगात आलं की घरातलं वडीलधारं माणूस पहिलं विचारतं, "कोण आहेस? काय पाहिजे?" मग नारळ, उतारा, राहिलेलं एखादं कार्य. व्यवहार होऊ शकतो. वेताळ तर उलट आपल्यालाच कोडी घालतो, आणि पुण्याने आपली सर्वांत उंच टेकडी त्याच्या नावाने ठेवली आहे. अशा संस्कारात वाढलेला वाचक नकळत शोधत राहतो की या काउंटचं राहिलंय काय. त्याला उत्तर मिळत नाही, कारण काउंटला काही देऊन परत पाठवता येत नाही. त्याची इच्छा अपुरी राहिलेली नाही, ती संपतच नाही. काही वाचकांना यामुळे तो उथळ वाटतो. मला स्वतःला त्याचं हेच सर्वांत भयंकर वाटतं. या मुद्द्यावर गटात मतं दुभंगतात, आणि दुभंगू द्यावीत.

उंबरठा मात्र आपल्याला लगेच कळतो. आमंत्रण दिल्याशिवाय काउंट कोणाच्या घरात पाऊल टाकू शकत नाही. एकदा बोलावलं की पुढे हवं तेव्हा येऊ शकतो. उलट हार्कर त्याच्या किल्ल्यात जातो, तेव्हा काउंट दारात उभा राहून म्हणतो की स्वतःच्या मर्जीने आत या, आणि हार्कर आत येईपर्यंत जागचा हलत नाही. रोज सकाळी उंबरठा पुसून हळदकुंकू वाहणाऱ्या घरात वाढलेल्या बायकांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

आणि इथेच पुण्याचा संबंध येतो, ज्याने माझ्या गटांतल्या चर्चा दरवेळी फिरवल्या. कादंबरी लंडनमध्ये 26 मे 1897 ला प्रसिद्ध झाली. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. रँडच्या प्लेग कमिटीच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत होते, आजारी माणसं उचलून नेत होते, माजघरापर्यंत, देवघरापर्यंत जात होते. पुस्तक बाजारात येऊन चार आठवडे व्हायच्या आत, 22 जूनच्या रात्री, गणेशखिंडीजवळ चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. त्या रात्री गव्हर्नरांकडे राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ होता. आता हे शेजारी ठेवून ‘ड्रॅक्युला’ वाचा. पूर्वेकडून जहाजाने परका माणूस येतो. त्याच्याबरोबर मातीच्या पेट्या येतात, लंडनमधल्या त्याच्या घरात उंदरांच्या झुंडी निघतात, त्याच्या स्पर्शाने रोग पसरतो, आणि तो घरातल्या बायकांपर्यंत पोहोचतो. समीक्षकांनी याला साम्राज्याच्या मनातली भीती म्हटलंय: आपण जगाला जे केलं, तेच उलटून आपल्या दारात आलं तर? लंडनचा वाचक जी भीती कल्पनेत अनुभवत होता, ती सदाशिव आणि शनिवार पेठेतली माणसं त्याच वर्षी प्रत्यक्षात भोगत होती, फक्त दारात उभा असलेला वेगळा होता. आणि शेवटी काउंटचा गळा कापला जातो तो हार्करच्या हातातल्या गुरख्यांच्या कुकरीने. साम्राज्याच्या फौजेतलं हत्यार कार्पेथियन पर्वतात साम्राज्याच्या शत्रूवर चालतं.

स्टोकरला पुण्याचा प्लेग डोळ्यांसमोर होता असा दावा मी करत नाही. पुस्तकाची टिपणं 1890 पासूनची आहेत, आणि साथीची भीती त्याने घरातच ऐकली होती. त्याच्या आईने 1832 मध्ये आयर्लंडच्या स्लायगो गावात पटकीची साथ पाहिली होती आणि त्या आठवणी मुलाला लिहून दिल्या होत्या. माझं म्हणणं इतकंच की पुण्याच्या वाचकाने हे पुस्तक परक्याचं म्हणून वाचायची गरज नाही. तुमच्या गटात कोणाच्या पणजोबांच्या प्लेगच्या आठवणी घरात सांगितल्या जात असतील, तर त्या त्या दिवशी येऊ द्या. चर्चा भरकटेल असं वाटेल, पण ती जागेवरच येते.

हार्करची बायको मीना, तिच्याबद्दल बोलल्याशिवाय बैठक संपवू नका. टंकलेखन ती करते, सगळ्यांच्या डायऱ्या तारखेप्रमाणे लावते, प्रती काढते. काउंटचा माग लागतो तो तिने लावलेल्या कागदांमुळे. आणि मग काउंटच्या मागावर असलेले हे सद्गृहस्थ ठरवतात की बाईमाणसाला एवढा ताण नको, यापुढे तिला काही सांगायचं नाही. ती एकटी झोपते, आणि काउंट नेमका तिच्यापर्यंत पोहोचतो. माझ्या गटांतल्या नोकरी केलेल्या बायका या प्रकरणांवर जितक्या चिडून बोलल्या, तितक्या दुसऱ्या कुठल्याच पुस्तकावर बोलल्या नाहीत. बैठकीचं सगळं काम करून निर्णयाच्या वेळी चहा बघायला पाठवलं जाणं त्यांनी अनुभवलेलं असतं. पुरुषमंडळींना तोवर तो भाग सौजन्याचा वाटत असतो. हा संवाद घडवून आणणं हे तुमचं काम.

मत जुळत नाही म्हणून खंत करू नका, हेही सांगते. पहिल्या वाचकांतही एकमत नव्हतं. ‘अथेनियम’ या लंडनच्या साप्ताहिकातल्या परीक्षणाने पुस्तक सनसनाटी आहे पण बांधणीत आणि साहित्यगुणात कमी पडतं असं म्हटलं, तर आर्थर कॉनन डॉयलने ऑगस्ट 1897 मध्ये स्टोकरला पत्र लिहून कळवलं की या प्रकारातली इतकी चांगली गोष्ट मी कित्येक वर्षांत वाचली नव्हती. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. शेवटचा पाठलाग लांबतो, व्हॅन हेल्सिंगची भाषणं थकवतात, आणि एवढ्या काउंटचा अंत एका परिच्छेदात उरकतो. हे गटासमोर मोकळेपणाने मान्य करा. अभिजात पुस्तकाची वकिली करायला आपण जमलेलो नसतो.

आता त्या ताईंबद्दल. रात्री पुस्तक उघडत नाही असं त्या म्हणाल्या, तर गटाने त्यांचं कौतुक करू नये आणि चेष्टा तर मुळीच करू नये. कौतुकाने सुद्धा माणूस गप्प होतो. मी अशा वाचकाला बैठकीआधी फोन करते आणि कोणत्या पानाशी थांबलात एवढंच विचारते. बऱ्याचदा उत्तर किल्ल्याचं नसतं, लूसीच्या खोलीचं असतं. प्रिय माणूस रोज थोडं थोडं कमी होतंय, डॉक्टर येतायत, सकाळी गालांवर जरा रंग दिसतो, संध्याकाळी पुन्हा तेच. हॉस्पिटलच्या बाकावर ज्यांनी रात्री काढल्यात त्यांना हा भाग फार जवळून लागतो. त्यात ती आई आहे. व्हॅन हेल्सिंगने लूसीच्या खोलीत लसणाची फुलं लावलेली असतात, आणि तिची आई मायेने, खोलीत कोंदट वास कोंडलाय म्हणून, फुलं काढते आणि खिडकी उघडते. सकाळी डॉक्टरांना ती हे कौतुकाने सांगते. मग 17 सप्टेंबरची तार: आज रात्री लूसीजवळ नक्की थांब, असं व्हॅन हेल्सिंगने सेवर्डला कळवलंय. तारेवर पत्त्यात परगण्याचं नाव नसल्याने ती चुकीच्या ठिकाणी जाते आणि बावीस तास उशिरा मिळते. आणि त्याच दिवसांतलं मीनाचं लूसीला लिहिलेलं आनंदी पत्र, ज्याच्या डोक्यावर स्टोकरने एवढंच लिहिलंय की हे तिने उघडलं नाही. चांगली माणसं, चांगल्या हेतूने, एकमेकांना थोडक्यात चुकतात. ज्यांच्या घरी असं काही घडून गेलंय, त्यांना सुळ्यांची भीती वाटत नसते.

त्यामुळे ताईंना त्या प्रकरणांवर सर्वांसमोर बोलायचा आग्रह करू नका. त्यांनी स्वतःहून सुरुवात केली, तर मात्र वेळ बघू नका आणि ठरवलेले बाकीचे मुद्दे सोडून द्या.

रविवारसाठी माझा क्रम असा असता. आधी प्रत्येकाने आपण थांबलो ते पान सांगायचं, कारण सांगायचं नाही. मग काकांनी अंथरुणाची आणि तीन पत्रांची नोंद वाचायची. त्या मुलीने रक्तदानाचा भाग मांडायचा. ‘डेमेटर’ची रोजनिशी चार जणांनी वाटून वाचायची, त्यात पुस्तक सोडलेल्या दोघांनाही घ्यायचं, आणि मीनाचा विषय शेवटी. दोन तास पुरणार नाहीत, दुसरी बैठक ठेवा.

पुढे भयकथा घ्यायची का, तर जरूर घ्या. फक्त लगेच जाडजूड नको. शेरिडन ले फानू या आयरिश लेखकाची ‘कार्मिला’ 1872 ची, स्टोकरच्या आधीची, आणि एका रविवारी वाचून होईल इतकी छोटी आहे. त्यात पाहुणी एक तरुण मुलगी असते आणि घरातले तिला स्वतःच ठेवून घेतात. त्यानंतर मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ घेतलीत तर काकांना पुन्हा सिनेमाची यादी करायला लावा. आणि आपल्या नारायण धारप, रत्नाकर मतकरींच्या कथा मधे मधे येऊ द्या. धारप पुण्याचेच, आणि तुमच्या गटातल्या पन्नाशीच्या वरच्या मंडळींनी त्यांना लायब्ररीतून आणून, आईला न सांगता, वाचलेलं असण्याची शक्यता दाट आहे. ते विचारून बघा. सर्वांत अबोल सदस्य त्या दिवशी बोलायला लागेल.